मामांची वही आणि आमची केरसुणी

यंदा आमच्या घरची दिवाळीची झाडलोट पंधरा दिवस मागे पडली. कारण विचाराल तर मी एक पुस्तक झाडीत बसले होते. पुस्तक झाडायचे म्हणजे कपाटातून काढायचे, दोन चापट्या मारायच्या, चार शिंका द्यायच्या आणि परत जागेवर ठेवायचे, एवढेच आमच्या पिढीला ठाऊक. पण हे पुस्तक कागदाचे नव्हते. ते माझ्या मामांच्या टॅबलेटमध्ये होते आणि त्यातला केर वरून दिसत नव्हता.

मामा मुळशीत राहतात. कोथरूडहून पौड रस्त्याला लागावे, चांदणी चौक मागे टाकावा, पौड ओलांडावे, की काही वेळाने धरणाचे पाणी दिसू लागते. त्या पाण्याच्या वरच्या अंगाला त्यांचे घर आहे. वरच्या अंगाला का, तर खालचे घर पाण्यात आहे म्हणून.

ही हकिगत आपल्यापैकी पुष्कळांना ठाऊक असेल. मुळा नदीवर हे धरण बांधायला घेतले तेव्हा पन्नासावर गावांच्या जमिनींवर गदा आली आणि १९२१च्या रामनवमीला, १६ एप्रिल रोजी, मावळातल्या शेतकऱ्यांनी सत्याग्रह सुरू केला. पांडुरंग महादेव बापट यांच्या नावामागे ‘सेनापती’ लागले ते याच लढ्याने. तीनेक वर्षे झगडून शेतकरी हरले. धरण झाले, आणि १९२७पासून ते पाणी सह्याद्रीच्या पलीकडे भिऱ्याला उतरून वीज देऊ लागले. ती वीज मुंबईला गेली. राजेंद्र व्होरा यांनी या लढ्यावरच्या आपल्या इंग्रजी पुस्तकात त्याला धरणाविरुद्धची जगातली पहिली चळवळ म्हटले आहे. ते पुस्तक २००९ साली निघाले. आमच्या आजीने, म्हणजे मामांच्या आईने, तेच सगळे त्याच्या कितीतरी आधी चुलीपुढे बसून सांगितले होते. सत्याग्रहाच्या वेळी ती दहा-बारा वर्षांची होती.

मामा प्राथमिक शाळेत मास्तर. आई बोलायची ते त्यांनी वर्षानुवर्षे एका जाड वहीत उतरवून ठेवले. स्वतःचे लिहिणे निळ्या शाईने आणि आईचे शब्द हिरव्या शाईने, अशी त्यांची मास्तरी शिस्त. एकाच वाक्यात दोन्ही शाया आल्या तरी हरकत नाही, पेन बदलायचे! “तिचे शब्द माझ्या पदरी पडू नयेत,” म्हणायचे.

पुढे १९९०च्या सुमारास त्यांनी ती वही पुण्यात एकाकडून टाईप करून घेतली. तो काळ निरनिराळ्या फॉन्टांचा. यंत्राच्या पोटात इंग्रजी अक्षरे असायची, फॉन्ट त्यांना मराठी अंगरखा चढवायचा. अंगरखा बदलला की मजकुराचे कडबोळे. गेल्या वर्षी मामांच्या ऐंशीव्या वाढदिवसाला घरच्यांनी ते सगळे युनिकोडमध्ये आणवून त्याचे ई-पुस्तक करवून घेतले. कोणाकडून, ते नाव घेत नाही; त्याने सांगितल्या वेळी काम दिले, ही देखील हल्ली मोठीच गोष्ट. हिरव्या शाईच्या जागी त्याने तिरपी अक्षरे घातली होती. पुस्तक विकायला नव्हते. आमच्या घरच्यांनी वाचावे एवढाच हेतू. सेनापती बापटांच्या कवितेच्या ओळी आरंभी घालाव्यात असे मामांच्या मनात होते, पण बापट वारले १९६७ साली, म्हणजे कायद्याप्रमाणे साठ वर्षांची मुदत २०२७ संपेपर्यंत चालणार. “थांबू,” मामा म्हणाले. “मास्तराने कॉपी करायची नसते.”

आता अडचण काय झाली ती ऐका. मामांच्या डोळ्यांची दोन्ही ऑपरेशने झालेली. पांढरे पान त्यांना सोसत नाही, चमकते. म्हणून टॅबलेटवर ते पान काळे आणि अक्षर पांढरे असे करून, अक्षर चांगले बोराएवढे वाढवून वाचतात. बाकीची पुस्तके अशी वाचता येतात. स्वतःचे पुस्तक तेवढे येत नाही! पान काळे केले की अक्षरेही काळीच राहायची. अक्षर वाढवावे तर मथळे वाढत आणि मजकूर होता तेवढाच. ऐंशी वर्षांचा माणूस, आईच्या आठवणींचे पुस्तक हातात आणि समोर निव्वळ काळोख. मला ते बघवेना.

मामांचा नातू इंजिनियरिंगला आहे. तो म्हणाला, “आत्या, आत केर साठलाय. काढून टाकू.”

ई-पुस्तकाच्या आत काय असते, हे मी त्या दिवशी प्रथम पाहिले. ईपब म्हणून जी फाईल असते ती खरोखर एक गाठोडे आहे. सोडले की आतून प्रकरणागणिक वेगवेगळी पाने निघतात, चित्रे निघतात, अनुक्रमणिका निघते आणि अक्षर कसे दिसावे हे सांगणारी एक याद निघते. तिला स्टाईलशीट म्हणतात. सुघड पुस्तकात रंग, आकार, समास हे सारे त्या एका यादीत असते आणि मजकूर आपला मोकळा. आमच्या पुस्तकात उलटे होते. वर्डमधून उचललेल्या मजकुरातला प्रत्येक तुकडा ‘स्पॅन’ नावाच्या खुणेत गुंडाळलेला, आणि प्रत्येक स्पॅनवर चिठ्ठी: भाषा मराठी, फॉन्ट मंगल, आकार चौदा, रंग काळा. स्वल्पविराम आला की तो वेगळ्या स्पॅनात, कारण वर्डच्या मते स्वल्पविराम इंग्रजी! वाण्याने प्रत्येक शेंगदाणा वेगळ्या पुडीत बांधून द्यावा तसा प्रकार. रंग काळा असे शब्दाशब्दाला बजावून ठेवले असेल, तर काळ्या पानावर ते बिचारे अक्षर पांढरे होणार कसे? आणि आकार चौदा असा ठोकून दिला असेल, तर मामांनी कितीही वाढवले तरी ते ऐकणार कसे?

(मंगल हा फॉन्ट आपल्या र. कृ. जोशींनी घडवलेला. त्याचा यात काडीचा दोष नाही, हे आधी सांगून टाकते.)

हे गाठोडे सोडून आत काम करायला दोन चांगली साधने फुकट मिळतात. एक ‘सिजिल’, २००९ सालचे. दुसरे ‘कॅलिबर’. ते कोविद गोयल या भारतीय तरुणाने २००६ साली सुरू केले. सोनी कंपनीचे वाचनयंत्र त्याच्या लिनक्स संगणकाशी बोलेना, म्हणून त्याने स्वतःच तोड काढली, त्यातून हे वाढत गेले. दोन्हीत पुस्तकाचा कोड दिसतो, हाताने दुरुस्त करता येतो. पण आमच्या एकेका पानावर साठ-सत्तर स्पॅन होते. हाताने काढायचे तर पुढची दिवाळी आली असती.

“शोधा आणि बदला करून टाक की,” मी म्हणाले. एवढे मलाही येते.

तिथेच खरी मेख आहे. स्पॅन उघडतो तेव्हा त्यावर चिठ्ठी असते. मिटतो तेव्हा मात्र काहीच नसते, सगळी मिटणारी स्पॅन सारखी. म्हणजे असे पाहा: फळीवर पंचवीस डबे आहेत, डब्यांवर साखर, रवा, पोहे अशी नावे आहेत, पण झाकणे सगळी एकाच मापाची, बिननावाची. तुम्ही म्हणालात, पोह्याचे डबे तेवढे काढा. डबे निघतील, झाकणे कुठली काढायची? त्यातून आमच्याकडे तर डब्यात डबा. शोधा-बदलाला हे कळत नाही. तो भलतेच झाकण उचलतो आणि आख्खे प्रकरण तिरपे होऊन बसते.

यासाठी प्लगिन असतात. प्लगिन म्हणजे मिक्सरला वेगळे घ्यायचे भांडे. मूळ यंत्राला जे काम येत नाही तेवढे ते करते. सिजिलसाठी ‘टॅगमेकॅनिक’ नावाचे आहे, कॅलिबरच्या संपादकासाठी ‘डायप्स एडिटिंग टूलबॅग’. दोन्हींची रीत एकच. छोटीशी चौकट उघडते. कोणती खूण? स्पॅन. तिच्यावर कोणती चिठ्ठी? अमुक. काढायची की बदलायची? काढायची. मग ते प्रत्येक डब्याचे स्वतःचे झाकण हुडकून दोन्ही मिळून काढते, आतला मजकूर जागच्या जागी. आणि चौकटीत ‘बिनचिठ्ठीचे’ असाही पर्याय आहे. नुसते रिकामे स्पॅन उगाच अडगळ करून राहिलेले असतात, तेही त्याने जातात.

मामांच्या नातवाने पहिल्या दिवशी ही चौकट उघडली आणि मोठ्या ऐटीत सांगितले, “स्पॅन, सगळे, काढ.” पाच-सहा सेकंदांत केर निघाला. मला तर टाळी वाजवावीशी वाटली. मग त्याला आणखी उत्साह आला. इंग्रजी पुस्तके साफ करणारे लोक अदृश्य अक्षरेही काढून टाकतात म्हणे, शून्य रुंदीची, डोळ्यांना न दिसणारी. तीही त्याने शोधून एका झटक्यात पुसली. सेव्ह केले. कोड असा लख्ख की बघत राहावे. मामांच्या टॅबलेटवर नवी प्रत चढवली, पान काळे केले, अक्षर बोराएवढे केले. दिसले! मामांनी दोन पाने वाचली आणि चष्मा काढला.

“छान झाले,” ते म्हणाले. “पण ह्यात आई कुठे आहे?”

आम्ही पाहिले. तिरपी अक्षरे गेली होती. ती तिरपी होती ती देखील एका स्पॅनच्याच जोरावर, आणि आम्ही सगळे स्पॅन काढले होते. निळी शाई आणि हिरवी शाई एक झाली होती. “आमच्या खाचरात आंबेमोहर फुलला म्हंजी वास उंबऱ्यात यायचा,” हे आजीचे. त्याला लागून पुढे सात-बाराचा हिशेब, हा मामांचा. आजीच्या बोलीमुळे असे काही ओळखू येत होते. पण मामांनी पुष्कळ ठिकाणी तिचे बोलणे शुद्ध करून लिहिले होते (शेवटी मास्तरच!), तिथे कोण बोलते आहे हे कळायला मार्ग उरला नव्हता.

“आणि हे काय?” मामांनी बोट ठेवले.

त्यांनी लिहिले होते, ‘आमच्या दऱ्यांत’. पानावर होते, ‘आमच्या दर्यांत’.

मी जरा वेळ नुसती बघत राहिले. मग दिसू लागले; पानोपानी तेच. शेतकऱ्यांचे शेतकर्यांनी झाले होते, खोऱ्याचे खोर्यात, भिऱ्याला चे भिर्याला. सत्याग्रहींच्या छावणीत ज्या आचाऱ्याने भाकऱ्या भाजल्या त्याचा आचार्य झाला होता!

ही करामत त्या अदृश्य अक्षराची. आपला हा जो अर्धा, चंद्रकोरीसारखा र आहे ना, दऱ्या, वाऱ्या, कैऱ्या यांतला, तो संगणकात दोन तऱ्हांनी लिहितात. एका तऱ्हेत खाली टिंब असलेला वेगळाच र वापरतात. दुसरीत साधा र, त्याला हलन्त आणि मग शून्य रुंदीचा एक जोडक, जो दिसत नाही पण यंत्राला सांगतो की याचा रफार करू नकोस. डोळ्यांना दोन्ही एकच दिसतात. आमचा मजकूर जुन्या फॉन्टातून आलेला, त्यात ही दुसरी तऱ्हा होती. इंग्रजी पुस्तकात जो केर, तो मराठीत अर्ध्या र चा टेकू. आम्ही टेकू काढला आणि र उडी मारून पुढच्या अक्षराच्या डोक्यावर जाऊन बसला.

“मग आता सगळीकडे रफार काढून अर्धा र घालू,” चिरंजीव म्हणाले.

“घाल. आणि सूर्याचे काय करशील? धैर्याचे? कार्याचे?” मामांनी विचारले. तो गप्प झाला.

मामा रागावले नव्हते. ते खिडकीतून पाण्याकडे बघत म्हणाले, “शंभर वर्षांपूर्वी एकदा आमच्या दऱ्यांचा दर्या झालाच होता. तुम्ही दुसऱ्यांदा केलात.”

आमची आई तिन्हीसांजेला केर काढू द्यायची नाही. लक्ष्मी जाते म्हणायची. मी लहानपणी कारण विचारले तेव्हा तिने सांगितले होते, अगं, दिवा मिणमिणता असतो, कानातले कुडे पडले असेल तर केराबरोबर उकिरड्यावर जाईल आणि तुला कळायचे नाही. त्या संध्याकाळी मला ते आठवले. आम्ही अगदी दिवेलागणीला केर काढला होता, आणि वर उकिरडाही पेटवून दिला होता, कारण सेव्ह करण्यापूर्वी जुनी प्रत बाजूला ठेवायचे आमच्या नातवाच्या डोक्यातच आले नाही. कॅलिबरच्या संपादकात त्यासाठी चेकपॉईंटची सोय आहे. कामाला हात घालण्यापूर्वी एक खूण ठोकून ठेवायची, बिघडले तर तिथवर परत यायचे, आणि आधीचे नंतरचे शेजारी-शेजारी ठेवून काय बदलले तेही पाहता येते. एवढी सोय असून आम्ही ती केली नव्हती.

वाचवले ते मामांच्या जुन्या सवयीने. त्यांनी टॅबलेटवरची पहिली प्रत काढलीच नव्हती. “नवी वही आली म्हणून जुनी रद्दीत देतात का?” एवढेच म्हणाले. तीच परत घेऊन आम्ही दुसऱ्या दिवशी उजाडता कामाला बसलो.

या खेपेला आधी नुसते पाहिले. पुस्तकात कोणकोणती अक्षरे किती वेळा आली आहेत याचा तक्ता ही साधने काढून देतात. त्यात तो शून्य रुंदीचा जोडक दिसला, आणि त्याच्यासमोरचा आकडा कागदावर उतरवून ठेवला. काम संपल्यावर आकडा तेवढाच भरला पाहिजे, जसे पाहुणे गेल्यावर आपण चमचे मोजतो. मग स्पॅनच्या चिठ्ठ्या एकेक वाचल्या. सगळे मिळून आठच प्रकार निघाले! रंग काळा आणि आकार चौदा हे दोन पहिल्या फेरीत गेले. एक चेकपॉईंट. भाषेची चिठ्ठी शब्दाशब्दावरून काढून पुस्तकाच्या माथ्यावर एकदाच लावली. पुन्हा चेकपॉईंट. बिनचिठ्ठीचे रिकामे डबे गेले. तिरप्या अक्षरांचा प्रकार होता त्याचे नाव, बनवणाऱ्याच्या यंत्राने आपोआप ठेवलेले, ‘टेक्स्ट ७’. आजी तीन-चारशे ठिकाणी ‘टेक्स्ट ७’ म्हणून वावरत होती! प्लगिनला या वेळी ‘काढ’ म्हटले नाही, ‘बदल’ म्हटले, आणि नाव दिले ‘आई’. स्टाईलशीटमध्ये ‘आई’समोर तिरपे खोडून किंचित ठळक असे लिहिले, आपल्या देवनागरीला तिरपे होणे मुळातच शोभत नाही, वाऱ्याने कलंडलेल्या कुंपणासारखे दिसते. उद्या कोणाला ती हिरवी हवी असेल तर त्या एका ओळीत बदल केला की पुस्तकभर होईल.

शेवटी ईपबचेक नावाच्या तपासनिसापुढे पुस्तक ठेवले, त्याने काही खोड काढली नाही. जोडकाचा आकडा मोजला; जुळला.

काम तासाभराचे, पण दुपार झाली, कारण मामा उठून वही घेऊन आले. खरी, कागदाची. हिरवी शाई कुठेकुठे उडून निळीसारखी झालेली. ज्याने पहिल्याने टाईप केले त्याने काही जागी आईचे शब्द मामांचे केले होते, काही जागी उलट. मग नातवाने पडद्यावर वाचायचे, मामांनी वहीशी ताडायचे, मी खूण करायची, असे चालले. मामा भराभर सांगत होते. हे तिचे. हे माझे. हे तिचे, पण ‘म्हंजी’ राहू दे, मी उगाच ‘म्हणजे’ केले होते. एका पानावर मात्र ते थबकले. वाक्य असे होते: पाणी चढले तेव्हा आवाज झाला नाही.

वहीतली शाई तिथे ओलाव्याने पसरली होती. हिरवी होती की निळी, सांगता येईना. मामांनी वही उजेडात धरली, तिरकी केली, माझ्याकडे दिली. मलाही कळले नाही.

“मी तेव्हा जन्मलोसुद्धा नव्हतो,” मामा म्हणाले. “म्हणजे तिचेच असणार. पण ती असे बोलायची नाही गं. ‘चढले’ म्हणायची नाही. हे शब्द माझे आहेत.”

“मग खूण ठेवू की काढू?” मी विचारले.

“अर्धी ठेवता येते का?”

“नाही आजोबा,” नातू म्हणाला. “उघडली की मिटावी लागते.”

मामांनी टॅबलेट मागून घेतला. काळ्या पानावर ते वाक्य मोठे करून पुन्हा एकदा वाचले, मग पुटपुटत आणखी एकदा.

“तिचे कर,” ते म्हणाले. “माझे नसताना माझ्या नावावर राहिले तर मला झोप लागायची नाही. तिचे नसेल तर ती मला काही बोलणार नाही.”

नातवाने खूण उघडली, वाक्याच्या शेवटी मिटली, आणि सेव्ह करण्यापूर्वी चेकपॉईंट ठोकला.